हौद्यावरचे घर: काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

जोगेश्वरी पश्चिमेस, ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडलगत जुन्या-नव्या लाकडी सामानाचा जो प्रसिद्ध बाजार आहे, तेथे सुतार, पॉलिशवाले आणि प्लायवुडचे व्यापारी हाकेच्या अंतरावर मिळत असल्यामुळे, पिकअपच्या हौद्यावर बसणारी जुनी कॅम्परची पेटी विकत घेणाऱ्या हौशी गृहस्थाची सहजच अशी समजूत होते की, आतील लाकूडकाम नवे केले आणि बाहेरून रंगाचे दोन हात दिले म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला. परंतु छताच्या सांध्यांतून आणि खिडक्यांच्या कडांतून झिरपणारे पावसाचे पाणी बाहेरचा पत्रा चकचकीत ठेवून आतील लाकडी सांगाडा कुजवीत असते. म्हणून प्रथम दाभण टोचून लाकूड तपासावे, जुने लांबी-लुकण समूळ खरवडावे, कुजका भाग बदलावा, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

दुसरी समजूत अधिक घातक आहे, ती अशी की जाड लाकूड तेवढे उत्तम. आठ बाय चार फुटांच्या, १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या एका फळीचे वजन सुमारे ३५ किलो भरते. अशा दहा फळ्या लावल्या की एकही भांडे आत ठेवण्यापूर्वी साडेतीनशे किलोंचा भार गाडीवर चढतो, आणि १०० लिटर पाण्याची टाकी त्यात आणखी शंभर किलोंची भर घालते. नोंदणीपुस्तकात दाखल असलेल्या भारित आणि रिकाम्या वजनांतील फरक हीच काय ती आपली शिल्लक, आणि तिच्यातूनच पेटी, पाणी, सामान व माणसे या सर्वांचा हिशेब चुकता करावयाचा असतो. विक्रेता सांगतो ते वजन बहुधा रिकाम्या पेटीचे असते. तेव्हा सर्व सामान भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी, आणि मागील चाकांवरील भार निराळा मोजून घ्यावा.

स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढविले की गाडीची भारक्षमता वाढते, हे गॅरेजमधील आवडते प्रमेय होय. गाडीचे बसणे त्याने कमी होते हे खरे. पण ब्रेक, आस, टायर आणि चासी यांची मर्यादा होती तेथेच राहते. पेटीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या किंचित पुढे नसेल, तर पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सैल पडते. खंडाळ्याचा घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग तर इंजिनाचा रोध गमावून सारा भार तापलेल्या ब्रेकवर टाकतात. उतारास खालचा गिअर हाच खरा आधार.

पेटीतील स्वयंपाकाच्या गॅसविषयी एवढेच, की एलपीजी हवेहून जड असल्याने वरची खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. जमिनीलगत झरोका हवा.

राहिला कायदा. चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन रस्तोरस्ती दिसतात, राज्य शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरणही जाहीर केले, तेव्हा परवानगी कशाला, असे पुष्कळांना वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मात्र ही मुभा नाही. पेटी कायमची जोडून नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार केल्यास कलम ५२ चा भंग होतो, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पेटी सुटी असली तरी ती हौद्याच्या बाजूंबाहेर आल्यास २०,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून सुताराला बयाणा देण्यापूर्वी पेटीची रुंदी मोजून घ्यावी आणि परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.