दीर्घकालीन रोगांविरुद्ध कॅरिबियन देशांची एकजूट

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार व कर्करोग हे रोग संसर्गाने पसरत नाहीत. त्यामुळे त्यांच्या प्रतिबंधासाठी शेजारी देशांनी एकत्र येण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. कॅरिबियन समुद्रातील लहान राष्ट्रांनी या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीतून दिले आहे.

समस्येचे स्वरूप

या बेटांवरील सुपीक जमीन दीर्घकाळ निर्यातीच्या उसाखाली राहिली आणि लोकांचे अन्न मोठ्या प्रमाणावर आयात होऊ लागले. साखर, मीठ व चरबीयुक्त तयार पदार्थ सुलभ झाले, तर अंगमेहनत कमी झाली. परिणामी दीर्घकालीन रोग हे मृत्यूचे प्रमुख कारण बनले. या रोगांत औषधोपचार आयुष्यभर चालतो. त्यात खंड पडला की पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार, प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळतो. अल्प लोकसंख्येच्या देशाला हा भार एकट्याने पेलणे कठीण असते.

सहकार्याची वाटचाल

एकत्रित प्रयत्नांचा अनुभव या देशांना होताच. आरोग्यविषयक संयुक्त कार्यक्रमास १९८० च्या दशकातच प्रारंभ झाला होता. १९८६ मध्ये पूर्व कॅरिबियनमधील नऊ लहान प्रदेशांसाठी औषधांची एकत्रित खरेदी करणारी यंत्रणा सुरू झाली. मागणी एकत्र केल्याने भाव उतरतात आणि पुरवठ्याची शाश्वती वाढते, हे त्यातून सिद्ध झाले.

यापुढील निर्णायक पाऊल १५ सप्टेंबर २००७ रोजी पडले. त्या दिवशी त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे कॅरिबियन समुदायाच्या शासनप्रमुखांनी केवळ याच विषयासाठी परिषद भरवून संयुक्त जाहीरनामा संमत केला. जॉर्ज अॅलीन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी त्यास होती. हा विषय आरोग्यमंत्र्यांपुरता न ठेवता शासनप्रमुखांनी हाती घेतला, यातच त्याचे मर्म आहे. तंबाखूवरील कर अर्थखात्याकडे, शाळांतील व्यायाम शिक्षणखात्याकडे, तर अन्नपदार्थांची आयात व्यापारखात्याकडे असते. रोगाची कारणे रुग्णालयाबाहेर असल्याने उपायही तेथेच योजावे लागतात.

याच देशांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांची या विषयावरील पहिली उच्चस्तरीय बैठक न्यूयॉर्क येथे झाली. २०१३ पासून पाच जुन्या प्रादेशिक संस्था मिळून बनलेली कॅरिबियन सार्वजनिक आरोग्य संस्था कार्यरत झाली.

यश आणि मर्यादा

सर्वच संकल्प सिद्धीस गेले, असे मात्र नाही. अंमलबजावणी देशागणिक कमीअधिक राहिली. निधी व प्रशिक्षित मनुष्यबळ यांची उणीव लहान राष्ट्रांना विशेष जाणवली. तरीही काही ठिकाणी ठोस निर्णय झाले. त्रिनिदादने २००९ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. बार्बाडोसने २०१५ मध्ये साखरयुक्त पेयांवर दहा टक्के कर बसविला व २०२२ मध्ये तो वीस टक्क्यांवर नेला.

आपल्याशी नाते

जागतिक आरोग्य संघटनेने रक्तदाब नियंत्रणासाठी सुचविलेली पद्धत बार्बाडोसने अवलंबिली. ठराविक उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांची नियमित नोंद ही तिची मुख्य सूत्रे होत. याच सूत्रांवर आधारित उपक्रम भारतात २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

या पद्धतीचे यश अखेर गावपातळीवर ठरते. रक्तदाब वाढला तरी बहुधा त्रास जाणवत नाही. म्हणूनच बरे वाटताच गोळी बंद करणारा रुग्ण पुन्हा उपकेंद्रात येतो की नाही, हे पाहणे अगत्याचे असते. ग्रामसभेत या विषयाची चर्चा घडविणे, शाळेत खेळाचा तास कटाक्षाने राखणे आणि शाळेचा परिसर तंबाखूमुक्त ठेवणे ही कामे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आवाक्यातील आहेत. समुद्राने विभागलेली राष्ट्रे ज्या कार्यासाठी एकत्र येऊ शकली, त्यासाठी एकाच गावातील शाळा, पंचायत व आरोग्य उपकेंद्र यांनी हातात हात घालून चालणे अवघड ठरू नये.