अंगणांतील तबकडी

गतवर्षीं वैशाखांतील गोष्ट. तिसऱ्या प्रहरीं धानोऱ्यास वादळ उठलें, आणि आमच्या मागील गच्चीच्या कठड्यावर बसविलेली दूरचित्रवाणीची तबकडी लोखंडी पायासकट व चार विटांसकट खालीं अंगणांत येऊन पडली. सूनबाईनें तेथें सांडगे वाळत घातले होते. ते उचलून ती नुकतीच ओसरीवर चढली होती. धाकटा नातू तिच्या पदराला धरून मागें होता. त्या पोराच्या व त्या लोखंडाच्या मध्यें फार तर चार हातांचें अंतर राहिलें असेल. "मामंजी, ती आतां पुन्हा वर नको," एवढेंच ती म्हणाली.

वाऱ्याला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु दोन फूट व्यासाच्या तबकडीवर ताशीं शंभर किलोमीटर वेगाचा वारा सुमारें पंधरा किलोंचा रेटा देतो, आणि वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. हा रेटा पायाच्या बोल्टांना पहारीसारखा उचकटूं पाहतो. आमचा कठडा मातीच्या जोडाईचा. कारागिरानें भोंकें पाडलीं, बोल्ट आवळले, चित्र दिसतांच पैसे घेतले व तो गेला. आम्हीही चित्र पाहत बसलों. भिंत कोणींच पाहिली नाहीं.

पण मुळांत ती तबकडी वर चढविलीच कशासाठीं? जुन्या अँटेनाच्या काळीं उंचीला अर्थ होता, कारण लहरी दूरच्या मनोऱ्यावरून जमिनीलगत येत. तोच समज आपण पुढें चालविला. उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो व पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून येथून स्थिर दिसतो. ही कल्पना आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं मांडली होती. एवढ्या अंतरापुढें गच्चीचे बारा फूट ते काय! तबकडीला हवें आहे तें मोकळें आकाश, उंची नव्हे.

आणि तें आकाश आम्हांस उदारपणें लाभलें आहे. दूरदर्शनची फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. धानोऱ्याहून त्याची दिशा आग्नेयेकडून किंचित् दक्षिणेस कललेली, आणि उंची क्षितिजापासून सुमारें ६२ अंश. खरा ध्रुव येथें उत्तरेस अवघा वीस अंश वर, झाडांच्या शेंड्यांत लपतो. हा मानवनिर्मित ध्रुव मात्र जवळजवळ डोक्यावरच! लंडनसारख्या शहरीं उपग्रह पंचवीस-एक अंशच वर असतात, तेव्हां समोरचें घर आड येतें. आपल्याकडे त्या दिशेस घर असलें तरी तबकडीच्या वर त्याची कड जितकी उंच, त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक अंतर सोडलें कीं पुरें. कड बारा फूट उंच असेल तर सात फूट. एवढें अंगण कोणत्या वाड्याला नाहीं?

झाडांचा अंदाज मात्र डोळ्यांनीं चुकतो. त्यांतून या लहान तबकडीचें तोंड जिकडे दिसतें त्याहून तिची नजर बरीच वर असते. यावर एक खात्रीचा उपाय आहे. मार्चच्या १२ तारखेच्या आसपास सकाळीं सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या आरंभीं अकराच्या सुमारास, धानोऱ्याहून पाहतां सूर्य त्या उपग्रहाच्या बरोबर मागें येतो. (त्या दिवसांत चित्र कांहीं मिनिटें बिघडतें तें याचमुळें, कारागिराला बोलावूं नये.) त्या वेळीं अंगणांत जेथें ऊन पडेल तेथून उपग्रह दिसतो. आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबलों. पांच महिने घर चित्रावांचून राहिलें. मला त्याचें फारसें दुःख झालें नाहीं. मुलांचें मत निराळें आहे.

आंब्याच्या सावलीबाहेर जागा ठरली. दोन फूट खोल खड्डा करून त्यांत दोन इंची जस्ती नळ ओळंब्यानें सरळ उभा केला, भोंवतीं काँक्रीट भरलें आणि आठवडाभर पाणी घालून तें पक्कें होऊं दिलें. नळ तिरपा असेल तर पुढें दिशा जुळवितांना नाकीं नऊ येतात. शेळ्यांसाठीं व मुलांच्या डोळ्यांना पत्र्याची कड लागूं नये म्हणून भोंवतीं बांबूच्या कामट्यांचें कुंपण केलें. वानरांवर उपाय सांपडलेला नाहीं. केबल घरांत शिरण्यापूर्वी तिला खालीं झोळ दिला, म्हणजे पावसाचें पाणी तेथूनच ठिबकतें.

ज्यांस गच्चीवांचून गत्यंतर नाहीं त्यांनीं पक्क्या काँक्रीटमध्येंच बोल्ट बसवावे, आणि कवेलूंवर मुलांना चढवूं नये. नळ उभा करतांना तो हातून निसटून आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाहीं, इतकें अंतर आधींच मोजावें. तार जवळ असेल तर जागा बदलावी. सावधपणें करूं, हें म्हणणें तेथें उपयोगाचें नाहीं. तबकडी कोठेंही असो, मेघ गरजूं लागण्यापूर्वीच यंत्राचा विजेचा प्लग व तबकडीची केबल दोन्ही काढून ठेवावीं. गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावूं नये.

कठड्याच्या त्या चार विटा चुन्यांत पुन्हा बसविल्या आहेत. सूनबाई सांडगे आतां गच्चीवर वाळत घालते.