सत्तावीस शब्द, नऊ न्यायमूर्ती

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. मूळ इंग्रजीत शब्द मोजून सत्तावीस. आधी लोकसेनेची गरज सांगितली आहे, मग लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क. या दोहोंचं नातं काय, यावर तिथे आजही भांडण चालू आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा विसाव्या शतकातला महत्त्वाचा निकाल १९३९चा. जॅक मिलर हा दरोडेखोर नळी कापलेल्या शॉटगनसह पकडला गेला होता. सुनावणीला त्याचा वकील फिरकलाच नाही आणि निकालाआधी सुमारे दीड महिना मिलरचाच गोळ्या घालून खून झाला. या शस्त्राचा लोकसेनेशी संबंध दिसत नाही, म्हणून त्याला या हक्काचं संरक्षण नाही, असं न्यायालय म्हणालं. अशा एकतर्फी खटल्याच्या आधारावर खालच्या न्यायालयांनी जवळपास सत्तर वर्षं काढली.

मग २००८ साली डिक हेलर आला. वॉशिंग्टनचा हा सुरक्षारक्षक. नोकरीवर पिस्तूल लावायचा, पण शहराच्या १९७६च्या बंदीमुळे घरी ठेवू शकत नव्हता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायमूर्ती स्कालिया यांनी हा हक्क व्यक्तीचा ठरवला. त्याच निकालात, गुन्हेगारांवरची आणि शाळांमधली जुनी बंधनं यामुळे धोक्यात येत नाहीत, असंही त्यांनी लिहून ठेवलं. २०१०मध्ये शिकागोच्या खटल्यात हा हक्क राज्यांनाही बंधनकारक झाला.

खरी उलथापालथ २३ जून २०२२ची. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्याला महिनाच झाला होता. घराबाहेर पिस्तूल बाळगायला ‘योग्य कारण’ मागणारा न्यूयॉर्कचा शंभरीपार कायदा न्यायालयाने रद्द केला. न्यायमूर्ती थॉमस यांनी नवी कसोटी घातली: बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं का? लोकांचे जीव वाचतील का, हा प्रश्नच बाद. न्यायाधीश जुनी दप्तरं उपसू लागले. मिसिसिपीतल्या एका न्यायाधीशांनी तर इतिहासतज्ज्ञ नेमू का, अशी विचारणा केली.

या कसोटीचा कडेलोट रहिमी नावाच्या आरोपीच्या खटल्यात झाला. जोडीदाराला मारहाण केल्यामुळे न्यायालयाने ज्याच्यावर मनाई हुकूम बजावला आहे, त्याला बंदूक बाळगायला बंदी घालणारा कायदा अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. अठराव्या शतकात तसा कायदा सापडेना! सापडणार कसा? बायकोला मारणं तेव्हा गंभीर गुन्हा मानलं जायचं कुठे? जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही चूक दुरुस्त केली. हुबेहूब जुना दाखला नको, तत्त्व जुळलं तरी पुरे, असं मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स म्हणाले. विरोधातलं एकमेव मत थॉमस यांचं, म्हणजे कसोटीच्या कर्त्याचंच.

मिलरचा १९३९चा निकाल मात्र आजवर रद्द झालेला नाही.