पहारा आणि पारख

पहारेकऱ्याने डोळ्यांत तेल घालून जागे राहावे, असे आपण म्हणतो. ते तेल किती वेळ पुरते, हा प्रश्न मला पडला तो पुण्यातील एका व्यापारी संकुलाच्या तळघरात. रात्रीचे दोन वाजले होते. सोळा चौकटींच्या पडद्यासमोर साठीकडे झुकलेले वॉचमन काका बसले होते. ते म्हणाले, "साहेब, तासाभरानं सगळ्या चौकट्या सारख्याच दिसायला लागतात." या विषयातली पदवी माझ्याकडे नाही, पण त्या वाक्याने मला वाचायला बसवले.

काकांचे म्हणणे शास्त्राने फार पूर्वी तपासले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारचालकांकडून पडद्यावरच्या पाणबुड्यांच्या खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ तयार केले. काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके, क्वचित एकदम दोन. ती दुहेरी उडी टिपायची, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका वाढतात. हा आळस नव्हे, मेंदूचा स्वभाव आहे.

यंत्र थकत नाही. पण जुन्या यंत्राला समजही नव्हती. चित्रातले ठिपके बदलले की ते घंटा वाजवी. मग मांजर असो, पाऊस असो की कॅमेऱ्यावरचे कोळ्याचे जाळे. २०१२ साली टोरंटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत मोठी आघाडी घेतली आणि वारे बदलले. लाखो नाव दिलेल्या चित्रांवरून शिकलेले यंत्र आता माणूस, वाहन आणि जनावर वेगळे ओळखते. बंद दुकानाच्या शटरपाशी कोणी घुटमळले, तरच ते पहारेकऱ्याला हाक मारते. हा फायदा खरा आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते, यंत्र 'हा कोण' हे सांगू लागते तेव्हा. हिशेब करून पाहू. समजा, मॉलमध्ये दिवसाला १०,००० माणसे येतात आणि संशयितांच्या यादीतली त्यांत फक्त ५ आहेत. यंत्र हजारांत एकदाच चुकते, असे धरू. तरी सुमारे १० निरपराध माणसांवर बोट ठेवले जाईल. पाचही खरे सापडले, तरी १५ इशाऱ्यांपैकी १० खोटे! खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला पहारेकरी 'लांडगा आला रे' या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखा वागतो. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा त्याहून वाईट वागतो.

अमेरिकेत हे घडले. राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार यंत्रणेत धूसर छायाचित्रे भरली गेली, कर्मचाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते आणि चुकीच्या इशाऱ्यावरून एका ११ वर्षांच्या मुलीला थांबवून तिची झडती घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने कंपनीला अशा वापरावर पाच वर्षांची बंदी घालण्याचे पाऊल उचलले.

म्हणून यंत्रणा घेणाऱ्या मालकाने किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत. यादीत नाव कोण घालतो आणि काढतो कोण? दिवसाला खोटे इशारे किती येतात? आणि इशारा चुकीचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार पहारेकऱ्याला आहे का? महाराष्ट्रात १९८१ पासून खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरी व कल्याणासाठी कायदा आहे. त्यांच्या हाती नवे यंत्र देताना नवे शिक्षणही द्यायला हवे. माणसे कमी करण्याचे निमित्त म्हणून यंत्राकडे पाहिले, तर इशारा येईल, पण जाऊन पाहणारा कोणी उरणार नाही.

त्या संकुलात पुढे नवी यंत्रणा बसली. एका पावसाळी रात्री मी तिथे असताना पडद्यावर लाल चौकट उमटली: 'मागचा जिना, माणूस'. काका टॉर्च घेऊन गेले आणि दहा मिनिटांनी परतले. पार्सल पोचवणारा पोरगा होता, गाडी बंद पडल्याने आडोशाला बसलेला. काकांनी त्याला चहा दिला आणि नोंदवहीत वेळ लिहिली.

यंत्राने माणूस बरोबर ओळखला होता. तो चोर नाही, हे काकांनी ओळखले.