मोठ्या हॉटेलात आपली भाकरी

मुलगा शहरात नोकरीला लागला, चार पैसे हाती आले, की आई-आबांना एखाद्या मोठ्या हॉटेलात जेवू घालावे अशी त्याला हौस वाटते. आणि आई-आबांची पंचाईत तिथेच होते! काय मागवायचे, काट्या-चमच्याने खाताना फजिती झाली तर, सूनबाईसमोर हसे झाले तर, या काळजीने घास घशाखाली उतरत नाही. तेव्हा या हॉटेलांची थोडी ओळख आधीच करून घेतलेली बरी.

मुंबईचे लोअर परळच घ्या. हा गिरणगावाचा भाग. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गडी बायकापोरे गावी ठेवून इथे राबायचा आणि खाणावळीत जेवायचा. चुलीपुढे बसून या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, हळूहळू गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारात कचेऱ्या व हॉटेले उभी राहिली. त्यांतल्याच कमला मिलच्या आवारात २०१५ मध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' निघाले. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले आचारी फ्लॉइड कार्डोझ हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याच देशातले हंगामी जिन्नस नव्या थाटात वाढायचे, ही या हॉटेलाची रीत.

पुढे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून तर ज्वारी, बाजरी, नाचणी अशा हॉटेलांच्या यादीत जास्तच दिसू लागली. म्हणजे, मंडळी, तिथे बुजून जाण्याचे कारण नाही. ताटातला जिन्नस आपल्याच घरचा आहे!

आता रीतभात. जायच्या आधी फोन करून टेबल राखून ठेवावे. टेबलावरचा घडीचा रुमाल मांडीवर पसरायचा असतो. पदार्थांची यादी हाती येईल, तिच्यात प्रत्येक पदार्थाची किंमत वेगळी असते. आपल्या थाळीसारखे एका पैशात सगळे येत नाही. पदार्थ थोडा आणि बशी मोठी, असाही प्रकार असतो. म्हणून एक पदार्थ किती जणांना पुरेल, तिखट आहे का, कशाचा केला आहे, हे वाढप्याला खुशाल विचारावे. सांगणे हे त्याचे कामच आहे. भाकरी हातानेच मोडून खावी, त्यात कमीपणा नाही. शेवटी कोमट पाण्यात लिंबाची फोड घालून वाटी आली, तर ती बोटे धुण्यासाठी असते, पिण्यासाठी नव्हे.

पाण्याची बाटली मागवली तर छापील किमतीपेक्षा जास्त दाम लागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना तशी मोकळीक दिली आहे. त्यामुळे साधे पाणी हवे असेल तर आधीच तसे सांगावे. बिल आले की घाई न करता वाचावे. जेवणावरचा जीएसटी साधारण ५ टक्के असतो. राहण्याची सोय असलेल्या बड्या हॉटेलांत तो १८ टक्के असतो. याखेरीज 'सेवा शुल्क' लावलेले दिसले, तर तो सरकारी कर नव्हे. ते ग्राहकाच्या मर्जीवर आहे, परस्पर बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. नको असेल तर नम्रपणे काढायला सांगावे. तंटा झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता आपल्या धंद्याचा हिशेब. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. किलोला झाले साडेसदतीस. किलोभर पिठाच्या बारा-तेरा भाकऱ्या धरल्या, तर एका भाकरीतले धान्य झाले तीन रुपयांचे. तेही हमीभाव पदरात पडला तर! बाकीचे पैसे जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, वीज, थाटमाट यांचे. हॉटेलवाल्यालाही खर्च आहेत, हे खरे. पण जिन्नस कोणाचा आणि मोल कशाचे, हे आपल्या ध्यानात राहावे.

पिकते तिथे विकत नाही म्हणतात. पण जिथे विकते तिथवर आपले नाव तरी पोचते का? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या मातीचे नाव धान्याला जोडले गेले. आपल्या गावच्या गटालाही निवडलेले, पाखडलेले धान्य स्वतःच्या नावाने थैलीत भरता येईल. तेव्हा लेकाने हौसेने नेले तर नीटनेटके होऊन जरूर जावे, ताठ मानेने बसावे, पोटभर जेवावे. आणि उठताना वाढप्याला एवढे विचारावे, "बाबा, ही ज्वारी कुठून घेता? थेट शेतकऱ्यांच्या गटाकडून घ्याल का?" उत्तर काहीही येवो, विचारणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर त्याच्या मालकापर्यंत पोचवायला सांगून यावे.