शिवी कवितेत कुठे पडते?

काउंटे कलन या आफ्रिकन-अमेरिकन कवीच्या १९२५ सालच्या ‘कलर’ या संग्रहात ‘इन्सिडेंट’ नावाची बारा ओळींची कविता आहे. बाल्टिमोरला आलेला आठ वर्षांचा मुलगा तिथल्या, आपल्याएवढ्याच एका मुलाकडे पाहून हसतो. तो मुलगा जीभ काढून दाखवतो आणि काळ्या माणसासाठीची ती शिवी देतो. मेपासून डिसेंबरपर्यंत शहर पाहूनही स्मरणात उरते ते तेवढेच.

ही कविता शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी तिची चाल ऐकायला सांगतो. बालगीतासारखी सरळ, यमकांत बांधलेली. संतापाचा एकही शब्द नाही. शिवी दुसऱ्याने दिली, पण ती कोणत्या ओळीत, कोणत्या तालावर पडायची हे कवीने ठरवले. वर्णद्वेषाने दुखावलेल्या विद्यार्थ्याला कविता उपयोगी पडते ती इथे, असे माझे मत आहे.

नुसत्या लिहिण्याचाही गुण येतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लेखन केले. आयुष्यातल्या आघाताविषयी, प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. लिहून उठल्याबरोबर मात्र त्यांना अधिकच वाईट वाटत होते. (प्रयोग वंशभेदाविषयी नव्हता, कवितेविषयी तर नव्हताच.)

कवितेची वाट जून जॉर्डन यांनी दाखवली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९१ साली त्यांनी ‘पोएट्री फॉर द पीपल’ हा उपक्रम सुरू केला. त्यात तयार झालेले विद्यार्थीच पुढे लहान गटांना शिकवत. जाहीर वाचने होत, संकलने छापली जात. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त परिणाम, हा निकष सर्वांना सारखा. मला यात कठोरपणा दिसत नाही. ‘बिचारा’ म्हणून ज्याची सैल ओळ वाखाणली जाते, त्याला आपण दुसऱ्यांदा कमी लेखलेले असते.

जात आणि वंश एक नव्हेत. तरी १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, आणि तिच्या संस्थापकांत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार असे कवीच होते. वर्गातला धोकाही दोन्हीकडे सारखा: अशी कविता वाचली की साऱ्यांच्या नजरा एकाच विद्यार्थ्याकडे वळतात आणि शिक्षक म्हणतो, ‘तुझा अनुभव सांग.’ मी तसे म्हणत नाही. सगळ्यांनी लिहायचे, मीही लिहितो. वाचून दाखवायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे. काहींच्या वह्या वर्षभर मिटलेल्याच राहतात.