औषध विकणाऱ्याचे आरोग्य

दवाखान्याच्या बाकावर रुग्णांच्या रांगेमागे बॅग सांभाळीत ताटकळणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह यवतमाळकरांच्या परिचयाचा आहे. शेवटचा रुग्ण बाहेर पडला की तो दोन मिनिटांसाठी आत जातो, हसतमुखाने औषधाचे गुण सांगतो आणि पुढच्या दवाखान्याची वाट धरतो. इतरांच्या प्रकृतीसाठी औषधे सुचविणाऱ्या या माणसाची स्वतःची प्रकृती कशी आहे, हे विचारण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा विस्तीर्ण जिल्हा. मुक्काम यवतमाळला असला, तर नेर व दारव्हा येथून त्याच दिवशी परतायचे. पुसद, उमरखेड, वणी येथे रात्र लॉजवर काढायची. डॉक्टरांची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, त्यामुळे कामाचा दिवस दोन्ही टोकांना ताणला जातो. मधली दुपार, तीही वैशाखातील, बसस्थानकावर किंवा औषधाच्या दुकानात जाते. तिला विश्रांती म्हणता येत नाही आणि काम म्हणून ती कोणी मोजत नाही. रात्री दिवसभराच्या भेटींचा अहवाल भरायचा. महिनाअखेरीस ‘टार्गेट’चा हिशेब द्यायचा.

अशा दिनक्रमातून येणारी ग्लानी म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आपल्या वर्गीकरणात तिची नोंद व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. शक्ती आटणे, कामाविषयी विटाळा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेला व न आवरलेला ताण, हे तिचे कारण.

कामामुळे माणूस आजारी पडतो आणि दोष मात्र त्यालाच दिला जातो, हे या जिल्ह्याला नवे नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन येथे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हाही हातमोजे व मास्क न वापरल्याचा ठपका प्रथम त्यांच्यावरच ठेवण्यात आला. थकलेल्या प्रतिनिधीला ‘तुझ्यात जिद्द नाही’ असे सुनावणारा वरिष्ठ याच परंपरेतला होय.

१९७६ च्या विक्रीसंवर्धन कर्मचारी अधिनियमाने या वर्गाला नेमणूकपत्र आणि रजेचा हक्क दिला. रोजच्या तासांबाबत तो मूकच राहिला. त्याची जागा घेण्यासाठी २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने या कर्मचाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येत घेतले आणि कामगाराच्या दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु हे आठ तास मोजायचे कसे? पुसदचा प्रवास, बाकावरची प्रतीक्षा आणि रात्रीचा अहवाल त्यांत धरला नाही, तर मर्यादा कागदावरच राहील.

म्हणून मागणी साधी आहे. कंपनीच्या कामासाठी घालविलेला प्रत्येक तास कामाचाच मानला जावा आणि विक्रीचे लक्ष्य त्या तासांत बसेल एवढेच असावे. कारखान्यात यंत्र बंद पडले तरी हजर कामगाराची पाळी मोजली जाते; डॉक्टरांच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला निराळा न्याय का?